पुण्यातून मासिक काढताना: वर्गणीदारांच्या वहीपासून टपालाच्या थैलीपर्यंत

दर महिन्याच्या सात-आठ तारखेला आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या कार्यालयात फोन वाजायला लागतो. बहुतेकांचा प्रश्न एकच: "अंक पाठवलात ना? अजून आला नाही." सांगलीच्या एक आजी मात्र तक्रार करत नाहीत. "तुमची तब्येत बरी आहे ना?" एवढंच विचारतात. अंक उशिरा आला म्हणजे काढणारं माणूस आजारी असणार, असा त्यांचा हिशेब. सोळा वर्षं मी एका छोट्या मराठी मासिकाचं काम करते आहे, आणि या धंद्याबद्दल मला जे समजलं त्यातलं निम्मं असल्या फोनांनी शिकवलं.

नवं मासिक काढायचं म्हणणारी मंडळी भेटायला येतात. पहिल्या भेटीत मुखपृष्ठ दाखवतात, दुसऱ्या भेटीत लेखकांची यादी. वाचकांची यादी क्वचितच कुणाच्या पिशवीत असते. म्हणून मी त्यांना सगळं शेवटाकडून सांगायला घेते. छापखान्यातून टेम्पो निघाला म्हणजे अंक निघाला असं मी मानत नाही. सांगलीच्या त्या दारात पडला की तो निघाला. पुढचं सगळं तिथपर्यंत पोचण्याबद्दल आहे.

पहिलं काम: वाचक मोजा

एक साधी वही घ्या. संगणकावर तक्ता केलात तरी चालेल, पण पहिली शंभर नावं हातानं लिहा. नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, फोन, वर्गणी कोणत्या महिन्यापर्यंत, आणि शेवटी एक रकाना: हा वाचक आपल्याकडे कसा आला. हा शेवटचा रकाना पुढे सगळ्यात जास्त कामाला येतो. आमच्याकडे तो भरायला लागल्यावर कळलं की नवे वर्गणीदार बहुतांशी जुन्या वर्गणीदारांच्या घरातून आणि ओळखीतून येतात. जाहिरातीतून आलेले एका वर्षानंतर गळतात.

अंक निघण्याआधी किमान तीनशे जणांनी वर्षाची वर्गणी भरायला हवी, हा माझा अनुभवाचा आकडा आहे. तीनशे मिळत नसतील तर विषय अजून घट्ट झालेला नाही असं समजा. "साहित्य, समाज, संस्कृती" हा विषय होत नाही. शेतीतलं पाणी, शास्त्रीय संगीत, गणिताचे शिक्षक, दुर्गभ्रमण, पालकत्व: कोणाच्या रोजच्या जगण्यात हा अंक बसणार ते ठरवा.

मराठीत याची उत्तम उदाहरणं आहेत. 'किर्लोस्कर खबर' १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून निघालं ते कारखान्याच्या कामाची माहिती देणारं पत्रक म्हणून, आणि शंकरराव किर्लोस्करांनी त्यातून घराघरात जाणारं मासिक उभं केलं. आधी ठरावीक वाचक, मग हळूहळू मोठं वर्तुळ. त्याच्या आधी, १८७४ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी याच शहरात 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा जवळजवळ सगळा मजकूर ते एकटे लिहीत. आणि सानेगुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेलं 'साधना' साप्ताहिक आजही शनिवार पेठेतून निघतं. तिघांचा घाट वेगळा, पण आपण कोणाशी बोलतो आहोत हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

नाव आणि नोंदणी

१८६७ चा जुना कायदा आता गेला. १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांसाठी २०२३ चा नवा नोंदणी कायदा लागू झाला आहे, आणि ज्याला आपण सवयीनं 'आरएनआय' (रजिस्ट्रार ऑफ न्यूजपेपर्स फॉर इंडिया) म्हणतो ते कार्यालय आता प्रेस रजिस्ट्रार जनरल झालं आहे. आधी शीर्षक मंजूर करून घ्या, मग जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे घोषणापत्र करा, मग दिल्लीला कागद पाठवा, असा प्रवास असायचा. आता शीर्षक आणि नोंदणी यांचा अर्ज एकत्रच, 'प्रेस सेवा' या पोर्टलवर भरायचा असतो. त्याची प्रत जिल्हा प्रशासनाकडे जाते आणि त्यांना आपलं म्हणणं कळवायला साठ दिवस असतात.

नावाचे पर्याय चार-पाच तरी तयार ठेवा. 'स्पंदन', 'अक्षर', 'शब्द' अशा नावांना आधीच कोणीतरी दावेदार असतं. विषय सांगणारं, थोडं वेगळं, फोनवर एकदा सांगून समोरच्याला लिहिता येईल असं नाव घ्या. नोंदणी मिळाल्यावर बारा महिन्यांच्या आत अंक सुरू करावा लागतो, त्यामुळे नाव अडवून ठेवण्यासाठी अर्ज करू नका. निव्वळ संशोधनपर, शास्त्रीय किंवा तांत्रिक जर्नल आणि पुस्तक हे 'नियतकालिक' या व्याख्येत येत नाहीत.

प्रत्येक अंकावर मालक, प्रकाशक, मुद्रक आणि संपादक यांची नावं आणि कुठे छापला, कुठून प्रकाशित झाला, हे सुवाच्य छापलेलं असायला हवं. नवे लोक हा मजकूर अगदी बारीक अक्षरात शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात कोंबतात. अनुक्रमणिकेच्या पानावर, नीट वाचता येईल असा द्या, आणि तिथेच फोन नंबर आणि फोनची वेळ लिहा. वाचक तेच पान उघडून फोन करतो.

पैसे: एक पान, खरे आकडे

इथे मी थांबून बोलणार आहे, कारण मासिकं बंद पडतात ती इथे.

समजा ६४ पानांचा अंक आहे, एका प्रतीला कागद, छपाई आणि बांधणी धरून ४० रुपये पडतात आणि छापील किंमत ८० आहे. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुमचे तुमच्या छापखान्याकडून लेखी घ्या. शंभर प्रती स्टॉलवर ठेवल्या. वितरक आणि विक्रेता मिळून चाळीस टक्के घेतात असं धरलं, तर विकलेल्या प्रतीमागे तुम्हाला ४८ रुपये मिळतात. शंभरातल्या तीस परत आल्या. हातात आले ३,३६०, छापायला गेले ४,०००. म्हणजे सत्तर वाचकांनी पैसे देऊन अंक विकत घेतला आणि तरी तुम्ही ६४० रुपयांनी आत आलात. नेण्या-आणण्याचं भाडं वेगळंच.

आता शंभर वर्गणीदार घ्या. वर्षाची वर्गणी ८०० ठेवली तर एका अंकामागे सुमारे ६६ रुपये ६७ पैसे पडतात. शंभर प्रतींचे ६,६६७ रुपये, खर्च ४,०००. उरलेल्या २,६६७ मधून टपाल, वेष्टन, मानधन आणि भाडं. परत येणारी प्रत नाही. स्टॉलवर अंक दिसायला हवा, त्यानं नवे लोक येतात. पण महिन्याचा संसार चालतो तो वर्गणीवर.

मात्र वर्गणी ही मिळकत आहे असं चुकूनही समजू नका. एका माणसानं ८०० रुपये भरले म्हणजे तुम्ही त्याचं बारा अंकांचं देणं लागता. या रकमेचं खातं वेगळं ठेवा आणि दर महिन्याला अंक टपालात पडल्यावर बाराव्या हिश्श्याएवढेच पैसे चालू खात्यात घ्या. दिवाळीच्या सुमाराला आलेली वर्गणी दिवाळी अंकाच्या कागदात घालून टाकली आणि मार्चमध्ये अंक काढायला पैसे उरले नाहीत, असं मी दोन चांगल्या मासिकांच्या बाबतीत जवळून पाहिलं. दोन्ही बंद पडली, आणि वाचकांचे पैसे परत करता आले नाहीत याचं दुःख ती माणसं अजून बाळगून आहेत.

करांबद्दल थोडक्यात: छापील नियतकालिकाच्या विक्रीवर जीएसटी नाही. पण म्हणूनच कागदावर आणि छपाईवर भरलेला जीएसटी तुम्हाला वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच धरा. छापील माध्यमातल्या जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के लागतो. तुम्हाला नोंदणी लागेल का, हे उलाढालीवर आहे; पहिला अंक निघण्याआधी सीएकडे एकदा बसा.

लेखकाला पत्र लिहा

फोनवर "काहीतरी द्या आमच्यासाठी" म्हटलं की काहीतरीच येतं. विषय, शब्दसंख्या, तारीख, मानधन आणि हक्क या पाच गोष्टी लिहून पाठवा. मानधन कमी असलं तरी आकडा सांगा आणि अंक निघाल्यापासून महिन्याच्या आत द्या. नावाजलेल्या लेखकाला अंकाच्या दोन प्रती जास्त पाठवून मानधन विसरणं आणि नवोदिताला प्रतही न पाठवणं, या दोन्ही सवयी पहिल्या वर्षीच मोडा.

हक्कांचं साधं आहे. वेगळं काही लिहून घेतलं नसेल तर बाहेरच्या लेखकाच्या लेखाचा हक्क लेखकाचाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतर लेखी लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. मासिकाला सगळे हक्क कशाला हवेत? "अंकात प्रथम छापण्याचा आणि आमच्या संकेतस्थळावर ठेवण्याचा हक्क आम्हाला, बाकी सर्व तुमचे" एवढं एक वाक्य पुरतं. छायाचित्रांनाही हाच नियम लावा. गूगलवर सापडलेला फोटो कोणाचा तरी असतोच.

मजकूर हाती आल्यावर

संपादन आणि मुद्रितशोधन ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन वेगळ्या दिवशी, जमल्यास दोन वेगळ्या माणसांनी करावीत. संपादक विचारतो: हे वाक्य इथे हवं का, हा दावा कशावरून, सुरुवात तिसऱ्या परिच्छेदात तर नाही ना. मुद्रितशोधक विचारतो: 'येवून' आहे ते 'येऊन' हवं.

शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम समोर ठेवा, पण तेवढ्यानं भागत नाही. तुमच्या अंकाची स्वतःची शब्दयादी लागते. 'संकेतस्थळ' की 'वेबसाइट', 'डॉक्टर' की 'डॉ.', आकडे देवनागरीत, 'करणं' की 'करणे'. आमची यादी चार पानांची आहे आणि दर अंकाला तीत दोन-तीन शब्द वाढतात. नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात तीच देतो.

मग येतो फॉन्टचा प्रश्न, आणि इथे पुण्याचा जवळचा संबंध आहे. संगणकावर मराठी टंकण्यासाठीची श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. तसंच आयएसएम पुण्याच्याच सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं. मराठी छपाईची एक अख्खी पिढी या दोन सॉफ्टवेअरांवर उभी राहिली. आज लेखक मोबाइलवर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या सामाईक अक्षरपद्धतीत, लिहून पाठवतात आणि कित्येक छापखान्यांतले अक्षरजुळणी करणारे अजून जुन्या फॉन्टमध्ये काम करतात. एकातून दुसऱ्यात जाताना अक्षरं गळतात, आणि नेमकी तीच गळतात जी डोळ्याला पटकन दिसत नाहीत. म्हणून सगळा मजकूर वळवण्याआधी ही एक ओळ वळवून बघा:

वऱ्हाडातल्या सुऱ्या, ॲल्युमिनियमची कॅन, हृदय, शृंगार, वाङ्मय, द्वंद्व, 'अवतरण', निःशब्द.

ही ओळ जशीच्या तशी परत आली तर पुढे जा. आमच्याकडे एकदा सगळ्या अंकात 'ऱ्या'चा 'र्या' झाला होता, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', आणि तीन जणांनी वाचूनही सुटला. पानं लावायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर 'वर्ल्ड रेडी कंपोजर' चालू आहे ना ते बघा, नाहीतर देवनागरीतल्या वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात.

शेवटचं प्रूफ पडद्यावर वाचू नका. कागदावर काढा. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ प्रतीवर बोट ठेवायचं. वेळखाऊ आहे, पण नावं, आकडे आणि तारखांच्या चुका याच पद्धतीत सापडतात. आणि मुखपृष्ठ, पाठीवरचा महिना, वर्ष-अंक क्रमांक, किंमत हे सगळ्यांत शेवटी, सगळ्यांनी मिळून वाचायचं. मोठ्या अक्षरातली चूक सगळ्यात उशिरा दिसते.

डमी, फॉर्म, छापखाना

छापखान्यात जाण्याआधी घरी डमी करा. एक कोरा कागद घ्या. मधोमध दुमडा, फिरवून परत दुमडा, परत एकदा दुमडा. आठ पानपत्रं म्हणजे सोळा पृष्ठं झाली. न कापता कोपऱ्यात १ ते १६ आकडे घाला आणि उलगडा. पान १ च्या शेजारी १६ आलेलं दिसेल, काही आकडे उलटे. छापखान्यात शीट असंच छापलं जातं, आणि सोळा पानांच्या त्या शीटला 'फॉर्म' म्हणतात. हे एकदा हातानं केलं की "चार पानं वाढवा ना" असं आयत्या वेळी तुम्ही कधी म्हणणार नाही, आणि रंगीत पानं एकाच फॉर्ममध्ये आणली तर स्वस्त पडतात हेही आपोआप समजेल.

आता कागद. २० बाय ३० इंची शीटमधून सोळा पानांचा फॉर्म होतो आणि कापल्यावर अंकाचा आकार साधारण ७ बाय ९.५ इंच येतो. ६४ पानांना चार फॉर्म, हजार प्रतींना चार हजार शीट, म्हणजे आठ रीम (एका रीमला पाचशे शीट). वाया जाणाऱ्या कागदासाठी अर्धा रीम वर धरा. ७० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या, कागदाचा हा रीम साडेतेरा किलोच्या आसपास भरतो. हे गणित येत असलं की छापखान्याच्या बिलात किती रीम लावले आहेत ते वाचता येतं.

याच गणिताचा पुढचा भाग टपालात उपयोगी पडतो. ७० जीएसएमचे चार फॉर्म आणि १७० जीएसएमचं मुखपृष्ठ घेतलं तर कापलेली प्रत ११० ग्रॅमच्या आसपास जाते. टपालाचे दर वजनाच्या टप्प्यांवर चालतात. टप्पा १०० ग्रॅमला असला तर तुम्ही दहा ग्रॅमसाठी दर महिन्याला हजार प्रतींवर पुढच्या टप्प्याचे पैसे भरत राहता. आतला कागद ६० आणि मुखपृष्ठ १३० जीएसएम केलं की प्रत ९४ ग्रॅमवर येते आणि वेष्टनाला जागा उरते. पण ६० जीएसएमच्या कागदावर मागची अक्षरं पुढे दिसतात. वाचक साठीच्या पुढचे असतील तर मी कागद पातळ करणार नाही. पानं कमी करेन.

६४ पानांच्या अंकाला मधोमध पिन मारतात. त्यात फॉर्म एकात एक बसतात, म्हणून आतली पानं बाहेर सरकतात आणि कापताना त्यांचा समास कमी होतो. मजकूर कडेला खेटवू नका. जाड अंकाला चिकटबांधणी, आणि तिथे माझा एक अनुभव सांगायलाच हवा.

एका दिवाळी अंकात, बारा फॉर्मांचा अंक होता, साताऱ्याच्या एका वाचकाचा फोन आला. "पान ११२ नंतर परत ९७ येतं. कथेचा शेवट कुठे आहे?" प्रती उघडून बघितल्या. बांधणीवाल्याकडे सातवा फॉर्म दोनदा उचलला गेला होता आणि आठवा आलाच नव्हता. जवळजवळ सत्तर प्रती तशा गेल्या होत्या. कथेचा शेवट नसलेला अंक आम्ही लोकांना सणाला पाठवला होता. झेरॉक्स काढून, सोबत दिलगिरीचं पत्र घालून ती सोळा पानं सगळ्यांना पाठवली, पण त्या वाचकाचा आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून आम्ही प्रत्येक फॉर्मच्या पाठीच्या घडीवर एक काळी खूण छापून घेतो, दर फॉर्मला थोडी खाली. सगळे फॉर्म बरोबर लागले की पाठीवर सरळ उतरत जाणारी पायऱ्यांची रांग दिसते. एक पायरी तुटली की प्रत बाजूला. बांधणी सुरू असताना स्वतः तिथे तासभर उभं राहा. गठ्ठे बांधून झाल्यावर बघून काही उपयोग नसतो.

जाहिराती

लहान मासिकाला जाहिरात मिळते ती ओळखीनं आणि टिकते ती विश्वासानं. प्रती किती छापता ते खरं सांगा. हजार असतील तर हजार, आणि हे हजार कोण आहेत ते सांगा. शिक्षकांच्या मासिकातल्या हजार प्रती शैक्षणिक साहित्य विकणाऱ्याला पुष्कळ असतात. पैसे देऊन छापलेला मजकूर असेल तर वर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहा. वाचकाला फसवून मिळालेलं पान पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून वजा होतं.

टपाल, स्टॉल, वाचनालय

नोंदणीकृत मासिकाला, म्हणजे निदान महिन्यातून एकदा निघणाऱ्या अंकाला, टपालात सवलतीच्या दराची सोय असते. त्यासाठी टपाल खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो, मिळालेला क्रमांक अंकावर छापावा लागतो आणि ठरलेल्या कार्यालयातून ठरलेल्या तारखांनाच अंक टाकावे लागतात. त्यामुळे तुमचं महिन्याचं सगळं वेळापत्रक त्या तारखेपासून उलटं मोजायचं: आदल्या दिवशी वेष्टन, त्याआधी दोन दिवस बांधणी, त्याआधी छपाई. तारीख चुकली की सवलत गेली. अर्ज करण्याआधी सध्याचे दर आणि अटी पोस्टात प्रत्यक्ष विचारा. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही स्वस्त सेवा आली आहे, पण नियतकालिकं तिच्यात बसत नाहीत. अनेकांची इथे गफलत होते.

वेष्टनाची संध्याकाळ आमच्याकडे सणासारखी असते. सात-आठ जण, मोठं टेबल, खळ, चहा. गठ्ठे पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांप्रमाणे लावायचे: ४११ पुणे शहर, ४१६ कोल्हापूर-सांगलीकडे, ४२२ नाशिक, ४४० नागपूर. असे लावलेले गठ्ठे पोस्टातही लवकर हलतात. चिकटवण्यापूर्वी ज्यांची वर्गणी या अंकाबरोबर संपते त्यांच्या वेष्टनात एक चिठ्ठी घालायची. छापील नको, हातानं लिहिलेल्या दोन ओळी. आमच्याकडे ही चिठ्ठी सुरू केल्यावर नूतनीकरण बरंच वाढलं.

स्टॉलसाठी अप्पा बळवंत चौकापासून सुरुवात करा. वितरक भेटतात, पण पहिले काही महिने विक्रेत्यांकडे स्वतः जा. दुकानदार सांगतो की लोक अंक उचलतात, अनुक्रमणिका बघतात आणि ठेवून देतात. हे कुठल्याही पाहणीत कळणार नाही. प्रती देताना पावती घ्या. पैसे बहुधा पुढच्या अंकाच्या वेळी मिळतात, आणि न विकलेल्या प्रती परत येतात. परत आलेल्या प्रती रद्दीत घालू नका. शाळा, वृद्धाश्रम, एसटी मुक्कामाला जाते अशा गावांतली वाचनालयं यांना पत्र घालून पाठवा.

वाचनालयं हा पुण्याचा फार मोठा ठेवा आहे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं, आणि पेठापेठांतून, उपनगरांतून खासगी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या. इथे एक प्रत वीस-पंचवीस जण वाचतात. काही प्रकाशकांना वाटतं यानं विक्री बुडते. माझा अनुभव उलटा आहे: वाचनालयात तीन अंक वाचलेला माणूस चौथ्याच्या वेळी वर्गणी भरायला येतो, कारण त्याला अंक परत द्यायचा नसतो.

तक्रारींची वही

वर्गणीदारांच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवा. तारीख, नाव, तक्रार, काय केलं. अंक मिळाला नाही असा फोन आला की वाद घालायचा नाही, दुसरी प्रत पाठवायची. एकाच पिनकोडवरून तीन फोन आले तर त्या टपाल कार्यालयाला लेखी कळवायचं. एकाच घरून तीनदा आला तर पत्ता तपासा. बहुधा घर बदललेलं असतं किंवा इमारतीचं नाव राहिलेलं असतं.

वाचकांची पत्रं छापताना स्तुतीची निवडू नका. चूक दाखवणारं पत्र आधी, आणि त्याखाली संपादकाची कबुली. लेखातली चूक पुढच्याच अंकात, ठरलेल्या जागी, ठळकपणे दुरुस्त करा.

दिवाळी अंक काढायचा असेल तर

काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा रुजली. आज बऱ्याच मासिकांचा वर्षभराचा तोटा हा एक अंक भरून काढतो, किंवा वाढवतो. आधी पंचांग बघा. अधिक मास आला की दिवाळी नोव्हेंबरात जाते आणि तुम्हाला दोन-तीन आठवडे जास्त मिळतात. लेखकांना पत्रं अक्षय्य तृतीयेच्या आत जायला हवीत. मजकूर आषाढी एकादशीपर्यंत हातात. जाहिराती गणपतीच्या आधी पक्क्या करा, कारण त्या दहा दिवसांत पुण्यात कोणी जाहिरातीचा निर्णय घेत नाही. छापखान्यातून बांधणीकडे जाणारा टेम्पो विसर्जनाच्या दोन दिवसांत ठरवू नका; पेठांतले रस्ते बंद असतात. पितृपक्षात यंत्रावर कागद चढला तर दसऱ्याला अंक दुकानात दिसतो. त्यानंतर छापखान्यात रांग लागते, आणि रांगेत लहान मासिकाचा नंबर शेवटी येतो.

दिवाळी अंक जाड असतो, वर सांगितलेल्या कागदावर १९२ पानं धरली तर तीनशे ग्रॅमच्या पुढे. तेव्हा टपालखर्च किमतीत धरा किंवा "टपालखर्च वेगळा" असं आधीच छापा. पुण्यातल्या वर्गणीदारांना आम्ही प्रती घरपोच देतो. कॉलेजची चार मुलं, चार सायकली, दोन रविवार.

मोबाइलवर अंक

पीडीएफ पाठवणं म्हणजे डिजिटल आवृत्ती नव्हे. दोन रकान्यांचं पान मोबाइलवर वाचताना माणूस बोटानं ओढून थकतो. निवडक लेख युनिकोडमध्ये, मोठ्या अक्षरात, संकेतस्थळावर द्या. परदेशातल्या आणि खेड्यापाड्यातल्या वाचकांसाठी ही वर्गणी वेगळी, कमी ठेवा. ज्यांना डोळ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी आम्ही दर महिन्याला दोन लेख ध्वनिमुद्रित करतो. सांगलीच्या आजी आता अंक आल्यावर आधी हे ऐकतात आणि मग छापील प्रत उघडतात.

छापलेल्या अंकाची शेवटची प्रत

प्रत्येक अंकाच्या पाच प्रती बाजूला काढा, त्या कधीही विकू नका. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकानं प्रती पाठवायच्या असतात, त्या चार. हे काम पहिल्या महिन्यापासून करा, साठवून ठेवलं की होत नाही. पाचवी प्रत तुमच्या कपाटात. बारा अंक झाले की त्यांची बांधीव फाइल करून घ्या आणि आत वर्षाची लेखक-सूची चिकटवा. वीस वर्षांनी कोणीतरी विद्यार्थी टिळक रस्त्यावरून चालत तुमच्याकडे येईल आणि अमुक एक लेख कोणत्या अंकात होता ते विचारेल. तेव्हा ती फाइल टेबलावर ठेवता आली पाहिजे.